साडेचारच्या फुलाचा मध

घड्याळजींना नाक नव्हतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं ठसठशीत होतं, चष्मा त्यावर ऐसपैस बसायचा. पण कामाचं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळांचे भाग पेट्रोलच्या वाटीत बुडवून धुतले आणि त्या वाफेनं नाकाची पार वाट लावली. तव्यावर पाव जळून कोळसा झाला तरी हे शेजारी बसून शांतपणे पेपर वाचायचे. जिभेचीही तीच गत. गोड कळायचं, खारट कळायचं; पण गोड कशाचं ते कळायचं नाही. डोळे मिटून पपई दिली काय नि खरबूज दिलं काय, दोन्हीला सारखंच "वा!"

म्हणून घरात वासाचं खातं बायकोकडे होतं. बिल्डिंगीत सगळे तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. लग्नाला आठवडा झाला नव्हता तेव्हा वहिनींनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या या सेंटला झुरळाच्या औषधाचा वास येतो." नवी नवरी, आणि हे बोलणं! दुसरा असता तर रुसला असता. घड्याळजींनी बाटली कचऱ्यात टाकली आणि त्या दिवसापासून नाकाचा सगळा कारभार तिच्या हवाली केला. शर्ट आणखी एक दिवस चालेल का, गादीला कुबट वास येतोय का, पाहुण्यांनी आणलेलं खाण्याजोगं आहे का, सगळं ती सांगणार आणि हे मान डोलावणार. एकतीस वर्षं असं चाललं. वहिनी गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडाला बिल्डिंग भीत असे, आणि घड्याळजींना नेमका त्याच तोंडाचा आधार वाटे.

मग उजवा हात थरथरायला लागला. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची आणि चिमटा आपला नाचतोय. वर्षभर रेटलं, शेवटी दुकान बंद केलं. घरी बसलेला घड्याळजी म्हणजे काय प्रकार असतो ते बिल्डिंगीनं पाहिलं. पहिल्या महिन्यात त्यांनी सगळ्यांची भिंतीवरची घड्याळं जुळवून दिली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा जुळवायला आले. तिसऱ्या महिन्यात लोक दार उघडेनात. मग हे खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि बसायचे. तासन् तास. वहिनी केर काढताना खुर्चीखालून झाडू फिरवायच्या तर पाय वर घ्यायचे, तेवढीच हालचाल.

मधमाशांची पेटी आणली मेव्हण्यानं, म्हणजे वहिनींच्या धाकट्या भावानं. हा मागच्या गल्लीतल्या बेकरीत केक करतो, म्हणून केकवाला. हसरा, गोलमटोल, दाराआधी पोट आत येणारा. बेकरीला अंडी पुरवणारा माणूस गाव सोडून चालला होता, त्याची मधमाशांची पेटी याच्या गळ्यात पडली आणि यानं ती भाऊजींच्या गच्चीवर नेऊन ठेवली. "भाऊजी, आत सगळं बारीक बारीक आहे आणि सतत चालू असतं. तुमचंच काम आहे."

खरंच त्यांचं काम होतं ते. माशांना सावकाश हात लागतो, आणि घड्याळजींचा हात थरथरला तरी सावकाशच थरथरायचा. आठ दिवसांत ते डोळ्याला भिंग लावून पेटीपुढे बसायला लागले. एक वही केली. स्टॉपवॉच लावून मिनिटाला किती माशा आत गेल्या, किती बाहेर आल्या, याची नोंद. खुर्ची भिंतीकडून उठली ती गच्चीवर गेली.

मध काढायचं यंत्र कुठलं असणार! पण चाळीस वर्षं नसलेले भाग घडवून घड्याळं चालवलेला माणूस तो. बेकरीतल्या तुपाचे दोन प्लास्टिकचे डबे आणले, कढत पाण्यानं चारदा धुतले. वरच्या डब्याच्या बुडाला ड्रिलनं भोकं पाडली, एकाला एक मोजून सारख्या अंतरावर, जसा काही त्यातून मध नव्हे, वेळच गळणार होता. खालच्या डब्याला जुन्या पाण्याच्या फिल्टरचा नळ बसवला, गळू नये म्हणून घड्याळाचे वॉशर लावले. गाळायला वहिनींचा झिरझिरीत पांढरा पडदा. कुस्करायला बटाट्याचा दाबणा. पोळं पेटीतल्या लाकडी चौकटीतून कापायचं, वरच्या डब्यात टाकायचं, मेणासकट दाबून लगदा करायचा आणि सोडून द्यायचं. मध आपल्या पायांनी खाली उतरतो, मेण वर राहतं. त्याला दोन दिवस लागतात, आणि त्या दोन दिवसांत घराची एक खिडकी उघडायची नाही, कारण वास लागला की माशा आपला माल परत न्यायला घरात शिरतात.

यात तोटा असा, की पोळं मोडतं. माशांना घर पुन्हा पहिल्यापासून बांधावं लागतं, त्यामुळे मध कमी मिळतो. पहिल्या वर्षी सगळा खटाटोप करून जॅमच्या दोन लहान बाटल्या भरल्या, त्यातली दुसरी खांद्यापर्यंतच.

घड्याळजींनी बाटल्या ओट्यावर ठेवल्या, डबे धुतले, पडदा वाळत घातला. संध्याकाळी वहिनी बाहेरून आल्या तर खुर्ची पुन्हा भिंतीकडे तोंड करून होती.

दुसऱ्या वर्षी मात्र चमत्कार झाला. फुलांचा हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. वहीत एक आकडा दिसायला लागला. दिवसभर मिनिटाला तीस-पस्तीस माशा आत जायच्या, आणि साडेचार वाजले की एकदम नव्वद. शंभर. कधी एकशेदहा. पोटं टम्म भरलेल्या, पेटीच्या दारातल्या फळीवर धप्पकन आदळणाऱ्या. सव्वापाचला पुन्हा सगळं शांत. एक दिवस झालं, दोन दिवस झालं, आठवडा झाला. साडेचार म्हणजे साडेचार. चाळीस वर्षांत एवढं नेमकं घड्याळ घड्याळजींच्या हाताखालून गेलं नव्हतं.

त्यांनी निष्कर्ष काढला. "कुठेतरी एक फूल आहे," ते जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगू लागले, "साडेचारला उघडतं आणि सव्वापाचला मिटतं."

आता असं सांगितल्यावर बिल्डिंग गप्प बसेल? तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी रोज एक नवं फूल घेऊन यायचा. "काका, हे बघा, मला वाटतं आत्ताच उघडलं." घड्याळजी भिंगातून बघायचे, देठ मोजायचे, वहीत चिकटवून खाली तारीख टाकायचे. समोरच्या इस्त्रीवालीनं आपल्या कुंडीतलं रोपटं उचलून दिलं, "साडेचारला याच्याकडे लक्ष ठेवा." घड्याळजींनी त्या रोपट्यापुढे दोन दिवस स्टुलावर बसून काढले. रस्त्यातून चालताना ते झाडांकडे बघायचे आणि मनगटाकडे बघायचे, झाडांकडे आणि मनगटाकडे. चेहऱ्यावर लाली आली. जेवण वाढलं. वहिनींना म्हणाले, "अगं, हात गेला म्हणून काय झालं, डोळा आहे ना अजून!"

एकदाच ते म्हणाले होते, "माशा मागच्या गल्लीकडून येताना दिसतात. उद्या बेकरीच्या बाजूला बघून येतो."

"तिकडे कुठली झाडं?" वहिनी चटकन म्हणाल्या. "नुसते पत्रे आणि धूर. त्यापेक्षा शाळेच्या मैदानाकडे बघा."

ते मैदानाकडे गेले.

पहिल्याच काढणीला अकरा बाटल्या भरल्या. मोठ्या. घड्याळजींनी पहिला चमचा बायकोपुढे धरला. "सांग."

वहिनींनी डोळे मिटून चाखला. "फुलाचा वास आहे. मोगऱ्याच्या जवळपासचा. पण मोगरा नाही."

"साडेचारचं फूल!" घड्याळजी म्हणाले. त्यांनी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. हात थरथरत होता, म्हणून एकेक अक्षर मनगट टेबलावर दाबून धरून काढलं. साडेचारच्या फुलाचा मध. खाली तारीख. बाटल्या वाटल्या सगळ्या बिल्डिंगीत. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. फक्त तळमजल्यावरच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या पण लाल पेन्सिल अजून न सोडलेल्या, बोट चाटून म्हणाल्या, "याला व्हॅनिलाचा वास येतोय."

"मोगऱ्याचा," घड्याळजींनी दुरुस्ती केली. "हिनं चाखलाय."

"चाखला असेल. पण वास व्हॅनिलाचाच आहे." आणि बाईंनी झाकण लावून टाकलं.

घरी येऊन हे हसत हसत म्हणाले, "बाईंचं नाकही आता निवृत्त झालंय." वहिनी हसल्या. जरा जास्तच हसल्या.

दुसरी काढणी दीड महिन्यानं. सकाळी खिडक्या बंद केल्या, दाराखाली ओला टॉवेल सरकवला. केकवाल्याची सुट्टी होती. तो बनियनवर, दाबणा घेऊन डब्यापाशी मांडी ठोकून बसला होता. वहिनी ओट्यापाशी पडदा पिळत होत्या. घड्याळजी एकेका चौकटीवरचं मेणाचं झाकण सुरीनं उतरवत होते आणि पोळं कापून मेव्हण्याकडे देत होते. चौथी चौकट उघडली आणि त्यांचा हात थांबला. भिंग डोळ्याला लावलं.

"अगं, इकडे ये! आधी इकडे ये! फूल गुलाबी आहे!"

"काय झालं भाऊजी?"

"बघ ना, या भिंगातून बघ. वर पिवळा, खाली पिवळा, आणि मधे हा वीतभर पट्टा. गुलाबी! चार दिवस माशा दुसऱ्या कशाला शिवल्याच नाहीत. आणि आपण पांढरी फुलं हुडकत बसलोय!"

केकवाल्यानं भिंग घेतलं नाही. त्याला भिंगाची गरज नव्हती. ती छटा तो रोज पहाटे स्वतः ढवळायचा. त्यानं दाबणा डब्यात सोडला आणि बहिणीकडे बघितलं. बहिणीनं त्याच्याकडे बघितलं. घड्याळजी चमच्यात गुलाबी मध निथळवून घेण्यात गुंग होते, त्यांना दोघांचं हे बघणं दिसलं नाही.

"घे. चाख. नीट सांग हं, आज महत्त्वाचं आहे."

वहिनींनी चमचा तोंडात घेतला. "आहे... त्याच फुलाचा. जरा गुलाबासारखा."

"गुलाबासारखा? मागच्या खेपेला मोगरा म्हणाली होतीस."

"म्हणजे दोन्हीच्या मधला."

"थांब, थांब, लिहून घेतो." हात पुसून त्यांनी वही काढली, मनगट दाबून धरलं आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागले, "वास... गुलाब आणि मोगरा... यांच्या मधला. बरोबर?"

"बरोबर," वहिनी म्हणाल्या.

"ताई, बास आता," केकवाला म्हणाला. "मला नाही बघवत."

"तू गप्प बस."

"नाही बसत. ते लिहून घेतायत गं! भाऊजी, तो केकचा पाक आहे."

घड्याळजींनी वहीतून मान वर केली. "कसला?"

"केकवर ओततो तो साखरेचा पाक. उरलेला. बेकरीच्या मागच्या पत्र्यावर परातीत ठेवतो रोज. त्यात वाळक्या काटक्या टाकतो, माशा बुडू नयेत म्हणून. मधे चार दिवस साधा पाक संपला होता, लग्नाच्या केकचा गुलाबी उरला होता, तो घातला. मला काय माहीत रंग तसाच राहतो! मला वाटलं त्यांच्या पोटात सगळं एक होत असेल."

खोलीत ऊन आलं होतं, खिडक्या बंद, मधाच्या वासानं हवा जड झाली असणार. पण तो वास तिथे तिघांपैकी दोघांनाच येत होता.

"आणि साडेचार?" घड्याळजींनी विचारलं.

"चारला माझी पाळी सुटते. हात धुवून परात ठेवेपर्यंत सव्वाचार. एक-दोघी येतात, बाकीच्यांना जाऊन सांगतात... साडेचार होतात. सव्वापाचला परात चाटूनपुसून साफ."

म्हणजे फूल नव्हतं. केकवाल्याची पाळी होती. माशा घड्याळासारख्या नेमक्या होत्याच, किल्ली फक्त दुसऱ्याच्या हातात होती.

घड्याळजींनी वही मिटली. "बिल्डिंगीत कोणाला माहीत आहे?"

"कोणालाही नाही हो," वहिनी म्हणाल्या.

घड्याळजी मेव्हण्याकडे बघत होते. बिचाऱ्या केकवाल्याची नजर आधी छताकडे गेली, मग फरशीकडे, मग दोन्ही बाजूंच्या भिंतींकडे. म्हणजे वरचे, खालचे आणि शेजारचे.

शिंप्याची फुलं त्यांना आठवली. रोज एक. फूल देऊन जिना चढताना त्याला रोज खोकल्याची उबळ यायची, आणि यांनी त्याला आल्याचा चहा घ्यायला सांगितलं होतं. इस्त्रीवालीच्या रोपट्यापुढचे दोन दिवस आठवले. त्या दोन्ही दिवशी तिच्या टपरीवर नेहमीपेक्षा जास्त गिऱ्हाइकं उभी होती.

"भाऊजी, माझं चुकलं. पण वाईट हेतूनं नाही हो केलं. गेल्या वर्षी तुम्ही..."

"तुझ्यावर मी नाही रागावलो," घड्याळजी म्हणाले. "तू केकवाला. तू पाकच घालणार." आणि मग बायकोकडे वळून, हळू आवाजात, "तू चाखलास."

वहिनींच्या हातात पडदा होता. त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. "गेल्या वर्षी त्या दोन बाटल्या भरल्या आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात. तुम्ही तेव्हा कसे दिसत होतात ते तुम्ही नाही बघितलं, मी बघितलं. महिनाभर. मीच याला म्हटलं, काहीतरी कर, त्यांच्या हाताला यश येऊ दे. नंतर ते फुलाचं निघालं. तुम्ही हसायला लागलात, जेवायला लागलात. मग कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"ज्या तोंडानं सेंटचं सांगितलंस त्या."

"अहो, ते वेगळं."

"मला व्हॅनिला आणि मोगरा सारखाच. हे तुला ठाऊक आहे. मी आंधळा असतो आणि तू मला म्हणाली असतीस रस्ता मोकळा आहे, तर?"

"एवढं काय! मध आहे हो, विष नाही."

"मी गच्चीवर तास तास मोजत बसायचो. तू चहा आणून द्यायचीस. विचारायचीस, आज किती आल्या. मी सांगायचो. तू 'अगंबाई' म्हणायचीस." त्यांनी वही बाजूला सारली. "ते 'अगंबाई' कशाला? पाक घातलास, ठीक. तेवढं नसतं म्हटलं तरी चाललं असतं."

वहिनींनी ठिबकणारा पडदा पुन्हा पिळायला घेतला.

कापलेलं पोळं परत चिकटत नाही. घड्याळजींनी दाबणा उचलला आणि उरलेलं सगळं स्वतः कुस्करलं. दोन हातांनी, खांद्यातून जोर लावून. केकवाला "मी करतो ना" म्हणाला, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग पडदा लावला, वरचा डबा खालच्यावर बसवला आणि उन्हाच्या बाजूला सरकवून दिला.

आणि मग ते दोन दिवस. एरवी नवरा-बायकोचं भांडण झालं की एकानं बाजारात जावं, दुसऱ्यानं गच्चीवर. इथे खिडक्या उघडायच्या नाहीत, दार सारखं उघडायचं नाही, माशा बाहेर काचेवर टपून. दोघं आत, आणि मधोमध डब्यातून टप्... टप्... टप्. वहिनींनी आठदा विषय काढला. "चहा ठेवू?" "ठेव." "साखर किती?" त्यावर घड्याळजींनी असं काही बघितलं की पुढे दोन्ही दिवस चहा बिनसाखरेचाच झाला.

मध गळून झाल्यावर त्यांनी डबा नळासकट मेव्हण्याच्या दारात नेऊन ठेवला. "तुझा माल. केकला वापर." मग एक ओलं फडकं घेतलं आणि बिल्डिंगीत निघाले. दारोदार. बेल वाजवायची, म्हणायचं, "ती बाटली जरा द्या," चिठ्ठी ओली करून अंगठ्यानं घासून काढायची आणि बाटली परत द्यायची. बस. मध ठेवा, नाव मी परत नेतो.

शिंपी ओशाळला. "काका, गंमत होती हो. तुम्ही एवढे खूश दिसत होता म्हणून..." चिठ्ठी घासताना घड्याळजी म्हणाले, "खोकला कसा आहे?" शिंप्याला खरोखर ठसका लागला. इस्त्रीवाली म्हणाली, "अहो पण गोड तर आहे ना!" बहुतेक घरांतून हेच ऐकू आलं. गोड तर आहे ना. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर वर सुनावलं, "बायकोनं प्रेमापोटी केलं, नशीबवान आहात. आमची तर खरं बोलून बोलून जीव खाते." घड्याळजींनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं माणूस आपली हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात बघतो.

तळमजल्यावरच्या बाईंची बाटली भरलेलीच होती. बोटभर सुद्धा कमी नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?" घड्याळजींनी विचारलं.

"मला कोण सांगतंय! मी वर्गात असले की मुलं कुजबूज बंद करतात, तसंच हे." बाईंनी चष्मा वर केला. "मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही माझी चूक काढलीत."

"हो," घड्याळजी म्हणाले. "माझी चूक झाली." त्यांनी ती चिठ्ठीही काढली.

पेटी साफ करताना कडेच्या चौकटीत त्यांना एक तुकडा सापडला. तळहाताएवढा, काळपट, वरचं मेण जुनं. वही काढून ताडून बघितलं: ही कड माशांनी मेणानं बंद केली तेव्हा मिनिटाचा आकडा तिसाच्या वर गेला नव्हता. परातीच्या आधीचा मध. खऱ्या फुलांचा, जी काय असतील त्यांचा. तो त्यांनी चहाच्या गाळणीत ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबला. थेंब थेंब करत पाऊण वाटी निघाली.

वाटी घेऊन ते उभे राहिले. चाखून बघितला. गोड. नुसता गोड, पाकही असाच लागला होता.

वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कोणी बोलावलं नव्हतं. "द्या इकडे," असं म्हणून त्यांनी बोट बुडवलं. या खेपेला डोळे मिटले नाहीत. नवऱ्याकडे बघत चाखला. "याला वास आहे. ओल्या सालीचा. आणि मागून जरा झोंबतं काहीतरी, कापरासारखं. फार छान नाही. पण खरा आहे."

घड्याळजींनी तिच्या तोंडाकडे बघितलं. एकतीस वर्षं तिनं सांगितलं की ते झालेलंच असायचं. आज ते वाक्य कानात आलं आणि तिथेच उभं राहिलं, आत जाईना.

त्यांनी वाटीवर बशी ठेवली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"खाली. बाईंकडे."

वहिनींच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "अहो, मी खरं सांगतेय!"

"असशील," ते म्हणाले, आणि जिना उतरले.

बाईंनी वाटी नाकाशी नेली, मग चाखला, मग पुन्हा नाकाशी नेली. पेपर तपासताना दोनदा बेरीज करायच्या तसं. "ओलं लाकूड," त्या म्हणाल्या. "साल म्हणा. आणि कापूर... नाही, कापूर नाही, पण कापराच्या बिऱ्हाडातलंच कोणीतरी."

घड्याळजी वर आले तेव्हा वहिनी दारातच होत्या, चौकटीला धरून. "काय म्हणाल्या?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"तू म्हणालीस तेच."

वहिनींनी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. "बघा! सांगत होते मी!" म्हणत त्या वाटी घ्यायला पुढे झाल्या. घड्याळजींनी वाटी दिली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर वहिनींना बरं वाटलं असतं. त्याच्याशी भांडता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवण्याआधी वहिनींनी पातेल्याशी नाक नेलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "चांगलं आहे हो."

घड्याळजींनी एका पेल्यात घोटभर दूध ओतून घेतलं आणि दारापाशी जाऊन चपला शोधायला लागले.